सरकवलेल्या पाट्या

किन्हीराजा,
३ नोव्हेंबर २०२५

चि. तनुजास ताईकडून पोटभर आशीर्वाद.

होस्टेलात फोन ठेवू देत नाईत, म्हनून हा पत्राचा उद्योग. तू सांगतलं तशी भाजीच्या वावरात आवर्तसारणी मांडली. एकेका मूलद्रव्याची एकेक पाटी. आडव्या ओळी सात, उभ्या रांगा अठरा. रविवारी आली का चालत चालत पाठ कर.

पन आपली आई! वरच्या तीन ओळींत मधात एवढी जागा मोकळी पाहून तिचा जीव तुटला. तिनं उजवीकडच्या पाट्या सरकवून एकीले एक लावल्या अन् सुटलेल्या जागी मेथी पेरली. म्हने, जमीन पडिक काहून ठेवा? नंबर तं वळीनंच हायेत!

बाबा अजून घुश्श्यात हायेत. केमिस्ट्रीत पुन्हा नापास झाली तं तुले घरी आनून मालेगावच्या कॉलेजात आर्ट्सले घालतीन. तिथं जागाही बोलून ठेवली हाय. अभ्यास कर व बाई.

माया हाय तशीच राहू दे.
तुयी वैजयंती

कारंजा,
७ नोव्हेंबर

ती. आईस तनुजाचा शि. सा. नमस्कार.

आई व, काय करून ठेवलं! नंबरानं ओळ लागते हे खरं, पन उभी रांग म्हनजे भावकी. लिथियम, सोडियम, पोटॅशियम एकाखाली एक, कारन तिघाईचा सभाव एक. पान्यात पडले का खवळतात. पार उजवीकडे हेलियम, निऑन. ते सहसा कोनाच्या अध्यात ना मध्यात. तू सरकवला अन् निऑन लोखंडाच्या भावकीत जाऊन बसला! कांद्याच्या वाफ्यात भेंडी लावशीन काय तू? ते जागा पडिक नाई. त्या ओळींत त्या भावकीचं कोनी जन्मलंच नाई.

आजवर मी पोपटावानी रट्टा मारत होती. तुले रागानं समजावता समजावता मलेच समजलं. पुढच्या हप्त्यात फेरपरीक्षा हाय. भेव वाटते, पन मले सायन्सच करायचं हाय. बाबाले सांग.

तुया पाया पडते, लोभ कमी करू नको.
तनुजा

किन्हीराजा,
१८ नोव्हेंबर

चि. तनुजास आईचे लाख आशीर्वाद. मी सांगून राह्यली, ताई लिहून राह्यली.

पाट्या जागच्या जागी लावल्या. तुयं पत्र ताईनं बाबाले वाचून दाखवलं तं म्हनले, पोरगी उलट बोलाले लागली. मी म्हनलं, उलट नाई, समजून बोलते. पन ते रिझल्टावर अडून बसले.

मंग काल मीच एसटीनं मालेगावले गेली. कॉलेजातल्या मॅडमले सांगतलं का माया पोरीची जागा दुसऱ्या कोन्या पोरीले द्या, मायी येत नाई. बाबा लय तापले. संध्याकाळी जेवले नाईत, सकाळी मुकाट्यानं जेवले.

तुया रिझल्ट अजून लागला नाई, मले ठाऊक हाय. पास झाली तं बेसच. नापास झाली तं रडून घे, तोंड धू, अन् तिथंच पुन्हा बस.

जिवाले जप.
तुयी आई, कस्तुराबाई