चुकलेल्या उत्तराची फेरी

१२ जून १९८१, कार्तिए मिलितेर, मॉरिशस

वहीची आधी माफी मागते. फेब्रुवारीपासून एक ओळ लिहिली नाही. नव्या नोकरीची गडबड हे निमित्त; खरं कारण आळस. चव्वेचाळिसाव्या वर्षी शहर सोडून या थंड, झिमझिम पावसाच्या गावात आले आणि खूश आहे. कॉलेज लहान, खासगी. इतिहासाला मी एकटी. चंद्रावतीबाईंकडे खोली मिळाली. त्या ऊसतोडीला जातात, चहात व्हॅनिला घालतात आणि मला शहरातली बाहुली म्हणतात. भिंतीवर पदक घातलेल्या मुलीचा फोटो आहे. विचारलं तर म्हणाल्या, पोर भायेर गेलीय. इंग्लंडला नर्सिंगला असावी. बऱ्याच मुली जातात.

कॉलेजचे प्रमुख, रेक्टर हरिप्रसाद यांनी लगेच कामिनीला माझ्याकडे सोपवलं. अठरा वर्षांची, तीन हजार मीटरमध्ये बेटावर दुसरी, नोव्हेंबरात एचएससी. वडिलांची अट साधी आहे: मार्क घसरले की धावणं बंद आणि लग्न. म्हणून इथली पद्धत अशी. उसातून एक किलोमीटरची गोल वाट आहे. मुलगी निघताना प्रश्न विचारायचा, उत्तर परतल्यावर घ्यायचं. चुकलं तर आणखी एक फेरी. कल्पना मला आवडली.

२३ जून

सहा फेऱ्या, सहा उत्तरं बरोबर. कामिनी म्हणते, मिस, तुमचे प्रश्न पाठीवर घेऊन पळते, वजन उतरवायलाच लवकर येते. शेवटच्या फेरीला उसाआडून दोन जणींच्या पावलांचा आवाज आला. बाहेर ती एकटीच आली. प्रतिध्वनी असणार.

९ जुलै

आज विचारलं, शर्तबंद मजुरांचं जहाज पहिल्यांदा कोणत्या साली आलं? आपल्याच पणजोबांची गोष्ट. अठराशे चौतीस हे इथं लहान मुलंही सांगतात. कामिनी म्हणाली, पस्तीस. परत पाठवलं. पुन्हा पस्तीस. तिसऱ्या वेळी रडत चौतीस म्हणाली. नंतर वर्गात सांगितलं की निघताना चौतीसच डोक्यात असतं, पण शेजारून कुणीतरी पस्तीस म्हणत पळतं, आणि इतक्या खात्रीनं म्हणतं की तेच तोंडात येतं.

थकवा. मी कठोर वागले का? कदाचित. पण साल ते साल. पक्कं होईपर्यंत रोज हाच प्रश्न शेवटी विचारणार.

१ ऑगस्ट

ऊसतोड सुरू झाली. निम्मी वाट आता उघडी दिसते. उघड्यावर कामिनी एकटी धावते. उभ्या उसात शिरली की पावलं दोघींची. बाहेर आली की पुन्हा एकीची. मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. कारण प्रामाणिकपणे लिहिते: चाचणीत तिचे मार्क वाढले आहेत, आणि ते माझ्यामुळे, असं रेक्टर सगळ्यांसमोर म्हणाले.

१६ ऑगस्ट

चंद्रावतीबाई चहा ठेवून उभ्याच राहिल्या. फोटोतली कुंती त्यांची मुलगी. दोन वर्षांपूर्वी हीच वाट, हीच पद्धत, हाच प्रश्न. ती पस्तीस म्हणत राहिली. नऊ फेऱ्या झाल्या. दहाव्या फेरीला उसातून आली नाही. छाती फुटली, असं डॉक्टर म्हणाले.

अजून उत्तर घेऊन पळतेय ती, बाय, त्या म्हणाल्या. येकदा कोरेक म्हना. येकदाच. थांबंल. (इथल्या क्रिओलात बरोबरला कोरेक म्हणतात.)

मी समजावलं की चूक उत्तराला बरोबर म्हणणं मला जमणार नाही. मग विद्यार्थ्यांनी माझ्यावर विश्वास का ठेवावा? त्यांनी माझा अर्धा भरलेला कप उचलून नेला.

२९ ऑगस्ट

दुसरा प्रश्न विचारता आला असता. नाही विचारला. भुतांना भिऊन प्रश्न बदलायचा, तर शिकले कशाला?

त्या एका प्रश्नाच्या सात फेऱ्या. कॅनव्हासच्या बुटांतून रक्त येत होतं. मो पा कपाव, कामिनी म्हणाली, आता होत नाही. मी म्हटलं, पुन्हा.

आठव्या फेरीला उसातून फक्त आवाज आला. पस्तीस. आवाज एक नव्हता—

३१ ऑगस्ट

काल कामिनीचं दहन झालं. तिचे वडील माझ्या पाया पडले. पोरीसाठी तुम्ही किती केलंत, म्हणाले. मी पाय मागे घेतले नाहीत.

रेक्टरांनी पुढची मुलगी म्हणून निर्मलाचं नाव सुचवलं. पाय चांगले आहेत, म्हणे. इतिहास कच्चा.

४ सप्टेंबर

उसाचा एकच तुकडा उभा आहे. सकाळी गेले, कोरेक म्हणायचंच ठरवून. वाटेत दहादा घोकलं.

दोघी आल्या. उसाच्या कडेला थांबल्या. धाप ऐकू येत होती. दोघी एकदम म्हणाल्या, पस्तीस.

मी तोंड उघडलं. चूक, म्हणाले. पुन्हा.

पावलं वळली. एक लंगडत होती, दुसरी तिच्यासाठी हळू—

६ सप्टेंबर

चंद्रावतीबाई आता चहा देत नाहीत. उंबऱ्यातून एवढंच विचारलं, उद्याच्याला ऊस गेला की त्या पळतील कुठं?

रेक्टरांना नाही म्हणायला हवं होतं. निर्मला उद्या पहाटे येते. तोड सुरू व्हायच्या आधी.

उद्या: तिघींनाही कोरेक म्हणणे, जरी खरं साल—