मुलगी दिली, पण कोणत्या भाषेत

नागपूर, ४ फेब्रुवारी १९५७

प्रिय सुमतीस,

सुभद्रेचा प्रेमाचा नमस्कार. कॉन्व्हेंटच्या मागच्या नळावर शाईचे हात धुताना तू माझी सुटलेली रिबीन ओल्या बोटांनी बांधलीस, ती दुपार आज उगाच आठवली. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? सध्या घरात माझ्याशी बोलायला कोणी नाही, म्हणून लिहिते.

राजधानी मुंबईला गेल्यापासून यांचं पेन्शनर मंडळ रिकामं आहे. हिंदी की मराठी या भांडणाला कंटाळून त्यांनी देशासाठी नवी भाषा घडवायचं ठरवलं. पाया मात्र प्राचीन हवा. (बैठक आमच्या ओसरीवर, चहा माझा.) नानाजी संस्कृतचे मास्तर, ते संस्कृतवर अडून बसले. दादाजींनी जन्मभर कोर्टात फारसी कागद वाचले. ते म्हणाले, "मंग तुम्ही गुरुजी अन् आमी पुन्हा बाकावर काय गा?" मी लॅटिन सुचवली, तेव्हा मी आत जावं यावर दोघांचं एकमत झालं. शेवटी यांनी तोड काढली: जी कोणालाच येत नाही ती घ्या. सिंधूकाठच्या मुद्रांवरची भाषा एकमताने मंजूर झाली. ती अजून कोणाला वाचता आलेली नाही, हीच तिची योग्यता.

त्यावर यांनी व्रत घेतलं. नवी भाषा तयार होईपर्यंत जुनी बोलायची नाही. आज बावीस दिवस हे मुद्रांची चित्रं काढलेले पुठ्ठे दाखवतात. मासा म्हणजे चहा, एकशिंगी बैल म्हणजे आंघोळीचं पाणी. आमची भांडी घासणारी वच्छलाबाई विचारते, "बाई, साहेब मले मासा काहून दाखवून राहिले? तुमच्या घरी तर चालत नाही."

हसू नकोस. चौदा तारखेला आमच्या गोपिकेचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आहे, आणि बापाने पंचांसमोर "मुलगी दिली" म्हणायचं असतं. त्यासाठी यांनी खास पुठ्ठा रंगवला आहे: घडा आणि बैल. व्याही उमरेडकडचे शेतकरी. एक तर बैल मागतील, नाही तर बाप मुका म्हणून उठून जातील. काल गोपिका यांच्यासमोर ताट सारून म्हणाली, "बाबा, मले तुमच्या तोंडून दोन शब्द पायजेत." यांचे डोळे भरले. पुठ्ठा मात्र सापडेना.

तुझी,
सुभद्रा

ता. क. तुझे मधुसूदनराव कॉलेजात इतिहास शिकवतात. त्यांना साक्षगंधाला पाठवच. ती मुळी भाषाच नाही, व्यापाऱ्यांच्या पोत्यांवरच्या खुणा आहेत, असं कोणी म्हटलं तर हे गप्प बसायचे नाहीत. तीस वर्षं ओळखते.

ता. क. २ मौनाला नावं ठेवली खरी, पण घरात शांतता बरी वाटते. फक्त भांडं पडलं तरी "हळू" म्हणणारं कोणी नसतं.

ता. क. ३ तिकडे निघालेल्या नत्थूजींबरोबर करंडी पाठवली आहे. संत्री मुलांना, लुगडं सासूबाईंना, तळाचं पाकीट मधुसूदनरावांना. त्यात यांना डिवचायचे मुद्दे आहेत. शेवटचा सर्वांत अपमानकारक आहे. तो पंच बसल्यावरच काढावा.