बोट ठेवाल ते उत्तर

दादा,

नमस्कार लिहायला हात धजत नाही. काल गोदीत, क्रेनच्या खडखडाटात काकूचा फोन आला. "अरे, पायाची जखम चिघळलीय, पण मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या मी. पुस्तकातच तसं निघालं!"

काका गेल्यावर त्यांनी लिहिलेल्या विज्ञानकथांचं तू दुकान मांडलंस. लोक प्रश्न विचारतात, डोळे मिटून पान उघडतात, बोट ठेवतात, आणि तू अर्थ सांगतोस. किळस यायची, तरी म्हटलं, आपल्याला काय. पण आता तुझ्या आईचंच बोट "औषधं फेका, बरे व्हाल" यावर पडलं, आणि तू मान डोलावलीस?

अरे, ते वाक्य कथेतल्या भोंदूचं आहे! त्याचं ऐकून अख्खं शहर मरतं. मला वाचायचा कंटाळा, म्हणून काकांनीच ती वाचून दाखवली होती. म्हणाले, "विचार करणाऱ्याला लोक हसायला लागले, की असंच होतं." बापाचं एक पुस्तक तरी तू सरळ वाचलंस का रे?

हे पत्र पाठवत नाही. याचंही उत्तर तू बोट ठेवूनच देशील. मुकादम म्हणतो, "आत्ता गेलास तर परत येऊ नकोस." नाही येत. उद्याची गाडी पकडतोय. काकूला दवाखान्यात मीच नेणार.

नाइलाजाने तुझाच,
धाकटा चुलतभाऊ