वास्तुशांतीचा डबा

ट्रॉय, मिशिगन
२ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. पद्मिनीताईस,
शोभनाचा सा. न. वि. वि.

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी हसली असशील. फोन असताना ही बया तिकिटं का चिकटवत बसली! हसून घे, पुढे हसण्यासारखं काही नाही. आमच्या रीमाची अट आहे की तिच्याबद्दल फोनवर, मेसेजवर एक अक्षरही बोलायचं नाही. तिच्या अकाउंटमध्ये कुणीतरी शिरलं होतं, म्हणून तिने फोनसुद्धा बदललाय.

ती गुरुवारी तुझ्याकडे येतेय. आठ-पंधरा दिवस राहील म्हणते, जास्त राहिली तर चालेल ना गं? शिकागोचा फ्लॅट तिने बंद केलाय. कारण नीट सांगते, म्हणजे तुला तिला खोदून विचारावं लागणार नाही.

तिचं काम तुला माहीत आहे. जपानी कार्टूनना (कार्टून म्हटलं की ती चिडते, अ‍ॅनिमे म्हणायचं) ती इंग्लिशमध्ये आवाज देते. सध्या तिची सायो नावाची एक गाणारी मुलगी फार गाजतेय. या सायोचे भक्त आहेत ताई, चाहते नव्हेत. जपानमध्ये अशांना ओताकू म्हणतात म्हणे. खोलीभर तिची चित्रं, बाहुल्या, तिच्या वाढदिवसाला केक. रीमा म्हणते त्यातले बहुतेक गरीब आणि गोड असतात, एका मुलीने तिला स्वतः विणलेला स्कार्फ पाठवला होता. पण एक जण स्वतःला नंबर वन म्हणवतो. तो रीमाला लिहीतच नाही, सायोला लिहितो. त्याच्या मते ती खरी सायोच, रीमाने म्हणे तिचं शरीर नुसतं वापरायला घेतलंय.

इतके दिवस हे सगळं कम्प्युटरच्या आत होतं. गेल्या आठवड्यात त्याने लिहिलं की बेडरूमला लावलेले नवे हिरवे पडदे सायोला शोभत नाहीत. ताई, पडदे खरंच हिरवे आहेत. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, पण त्याने धमकी दिलेली नाही, नाव नाही, चेहरा रीमाने पाहिलेला नाही, तेव्हा ते तरी काय करणार.

दिवाळी बरी गेली. यंदा चकल्या छान झाल्या होत्या, वाटण्यातच संपल्या. मोहनचा गुडघा जिन्यावर कुरकुरतो. उल्हासभावोजींना नमस्कार. माझ्या पोरीला सांभाळ, आणि माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
शोभना

*

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. शोभनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रीमा सुखरूप पोचली, खाते-पिते, तू आधी श्वास घे. विचारतेस काय, चालेल ना गं म्हणून? मावशीचं घर आहे की मोटेल? वरची मागच्या बाजूची खोली दिली आहे तिला. पडदे पांढरे आहेत, तिनेच आल्या आल्या पाहून घेतले.

खोटं कशाला सांगू, पोरगी भेदरलेली आहे. अंगणात पानं सळसळली तरी मान वळवते. काल पोस्टमनने पार्सल टाकलं तर ही जिन्यावरच बसली. मी तिला हसवायला म्हटलं की आपल्याकडे तर नट्यांची देवळं बांधतात, तुझं अजून चित्रांवरच भागलंय. हसली, पण ओठांनीच. मलाही मग बरं वाटलं नाही.

तिला म्हटलं, घाबरू नकोस, इथे असलं कुणी ध्यान आलं तर लांबूनच ओळखू येईल. केस वाढलेले, अंघोळीचा पत्ता नाही, कुणीतरी विक्षिप्त गोरा असणार. आपल्या मुलांत असली खुळं नसतात, त्यांना अभ्यासातून आणि आईबापांच्या अपेक्षांतून सवड कुठे मिळते! रीमा उठली आणि मागच्या दाराची कडी पुन्हा बघून आली.

तिला जरा तिच्या वयाची सोबत हवी. माझ्याबरोबर मालिका बघून किती दिवस काढणार? उल्हास सोमवारपासून पंधरा दिवस ऑफिसच्या कामाने टेक्सासला जातोय, तेव्हा घरात आम्ही दोघीच.

तिची चिठ्ठी याच पाकिटात घालते. मी वाचलेली नाही, थोरली असले तरी तेवढी शिस्त आहे. मोहनरावांना म्हणावं, गुडघ्याला तेल लावा आणि शोभनाचं डोकं खाऊ नका. इकडचे आशीर्वाद आहेतच, न मागता मिळतील.

तुझी,
पद्मिनीताई

*

(त्याच पाकिटातली चिठ्ठी)

प्रिय आई,
सा. न. (मावशीने सांगितलं असंच लिहितात.)

माझं मराठी रायटिंग बघून हसू नकोस. मी ओके आहे. झोप येत नाही, बाकी ओके.

एक गोष्ट विचारायची आहे. शिकागोचा पत्ता मी ऑनलाइन कुठेच दिला नव्हता. फक्त तू, बाबा आणि मावशीला माहीत होता. तुझ्याकडून चुकून कुणाला गेला का? मी रागावणार नाही, प्रॉमिस. पण मला माहीत असायला हवं, नाहीतर इथे पण मी सेफ आहे की नाही हे मला कळणार नाही.

आणि आई, प्लीज एकदा सायोचा सातवा भाग बघ. तू माझं काम कधीच बघितलं नाहीस. मी चिडून बोलत नाहीये. त्या शोमध्ये तिचा पाठलाग करणारा फॅन आहे ना, तो क्यूट दाखवलाय. अडखळतो, पडतो, सगळे हसतात. आणि जितका तो मागे लागतो तितकं शेवटी त्याला मिळतं. ते डायलॉग बोलताना मीही हसले होते. आता मला वाटतं, हा माणूस बसून वाट बघतोय की त्याचा पुढचा भाग कधी सुरू होतो.

लव्ह यू. बाबांना सांग मी जेवते.
रीमा

*

ट्रॉय, मिशिगन
१४ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. पद्मिनीताईस,
शोभनाचा सा. न. वि. वि.

हे पत्र एकटीने वाच. फोन दोनदा उचलून ठेवला, हे माझ्या तोंडातून निघणार नाही. रीमाने विचारलंय की तिचा पत्ता कुणी दिला. ताई, मी दिला.

दिवाळीत दुपारी एक मुलगा दाराशी आला. आपल्यातलाच गं, इथे जन्मलेला, नाव देव म्हणाला. इस्त्रीचा शर्ट, बूट दाराबाहेर काढले. रीमाबरोबर कॉलेजात होतो, तिला सरप्राइज द्यायचंय म्हणाला. दिवाळीच्या दिवसांत आलेल्याला दारातून परत कसं पाठवायचं? मी आत बसवलं. चहा दिला. आंटी आंटी करत होता, तर मीच शिकवलं की काकू म्हण. इतकं कौतुक वाटलं मला त्याचं. मनात आलं, हा आपल्या रीमाला बरा आहे. हे पण लिहून टाकते, आता काय लपवायचं.

शिकागोला जाणार म्हणाला, म्हणून पत्ता दिला आणि रीमासाठी चकल्या-लाडू भरून डबा दिला. परत कसा करू म्हणून त्याने विचारलं, तर हसून सांगितलं की केव्हाही कर, फक्त आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. डबा रीमाला पोचला नाही. आठ दिवसांनी पडद्यांचं पत्र आलं, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. तरी मी गप्प बसले. स्वतःला सांगत राहिले की इतका गुणी मुलगा, तो नसेल.

काल मोहन झोपल्यावर सातवा भाग लावला. पहिल्यांदाच ऐकला ताई, माझ्या मुलीचा आवाज. काय गोड काम करते गं ती! त्यात सायो त्या फॅनला आपल्या हातचा जेवणाचा डबा देते. तो रडतो, म्हणतो की हीच खूण, मला निवडलं. मग तो डबा धुऊन, गुलाबी कागदाच्या चांदण्यांनी भरून तिच्या दारात नेऊन ठेवतो, आणि ती दार उघडते. पुढे मला बघवलं नाही. मी त्याला माझ्या हाताने खूण दिली गं.

डबा तुझ्या वास्तुशांतीचा होता, झाकणावर तुमची दोघांची नावं आणि कॅरी कोरलेलं. गेला तर गेला. अक्षरं देवनागरी, त्याला कुठली वाचता येणार. पोलिसांना आज सकाळी त्याचं वर्णन दिलंय: उंच, सावळा, चष्मा, डाव्या भुवईवर खूण. तुझ्याही लक्षात असू दे.

मी बावीस तारखेला विमानाने येतेय. तोवर रीमाला काही बोलू नकोस, मी तिच्या समोर बसून सांगेन. मग तिने तोंड फिरवलं तरी चालेल. तू मात्र मला टाकू नकोस.

तुझी,
शोभना

*

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
१४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. शोभनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं उत्तर अजून आलं नाही, पण तुझा माणूस आला! आधी कळवायचं तरी, मी अवतारात होते.

सकाळी रीमा वर झोपलेली होती (रात्रभर जागी असते, पहाटे कुठे डोळा लागतो). कचऱ्याचा डबा आत घ्यायला गेले तर एक मुलगा फुटपाथवर उभा. मला चक्क काकू म्हणाला. मी जरा बिचकले, म्हटलं ताकही फुंकून प्यावं. पण त्याच्या हातात आमच्या वास्तुशांतीचा डबा! झाकणावर आमची नावं. म्हणाला, शोभनाकाकूंनी दिलाय, इकडे जॉबच्या इंटरव्ह्यूला आलोय. तुझा निळा सोफा सांगितला, मोहनरावांचा गुडघासुद्धा. मराठी वाचता येतं का विचारलं तर म्हणे फोन समोर धरला की तोच वाचून दाखवतो. हुशार आहेत बाई ही मुलं.

डबा घासून लखलखीत केलेला. आत काय असेल? गुलाबी कागदाच्या इवल्या इवल्या चांदण्या, काठोकाठ. म्हणाला, भांडं रिकामं परत करत नाहीत ना, काकूंनी शिकवलंय. तुझंच वाक्य, मी लगेच ओळखलं, आणि मनातली उरलीसुरली शंकाही गेली.

रीमाचा कॉलेजमधला मित्र आहे म्हणे. मी म्हणतच होते ना की तिला सोबत हवी? दिसायलाही छान आहे, उंच, चष्मा, भुवईवर लहानशी खूण. तिला आधी सांगू नका, सरप्राइज देऊ म्हणाला. मी म्हटलं, संध्याकाळी चहाला ये, मागचं दार उघडं ठेवते.

कित्येक दिवसांनी आज पोरीच्या तोंडावर हसू बघायला मिळेल. हे पत्र पेटीत टाकून येते आणि शिरा करायला घेते. डबाही पुन्हा भरून ठेवायचाय, तो निघताना रिकामा कसा द्यायचा.

काळजी करू नकोस. लोभ आमच्याकडून कमी पडायचा नाही, तुझ्याकडून तेवढा असू दे.

तुझी,
पद्मिनीताई