गोडबोल्याकडची गाडी

४ मार्च

पुन्हा बंद पडली! पुलाच्या ऐन मधोमध. गिअर सुटला आणि परत पडेचना. मागे गाड्यांची ही रांग, सगळे भोंगे वाजवतायत, आणि हे आपले स्टिअरिंग धरून शांत. जसं काही मागे कोणी नाहीच. शेवटी मीच उतरले, बाह्या वर सारल्या आणि ढकलायला लागले. एक ट्रकवाला काच खाली करून म्हणाला, मावशी, जोर लावा. मी म्हटलं, तू खाली ये, तुलाच लावते. उतरला बिचारा. कडेपर्यंत ढकलू लागला. चांगला होता.

कंबर धरली आहे. पण कंबरेचं सोडा. जीव जळतो तो वेगळ्याच कारणानं. ही गाडी मी ह्यांना घेऊन दिली. पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं — शिवून शिवून साठवलेल्या पैशांतून. ह्यांनी जन्मभर साहेबांची गाडी चालवली. दुसऱ्याची गाडी पुसायची, दुसऱ्याची पोरं शाळेत सोडायची, दुसऱ्याच्या दारात उन्हात उभं राहायचं. गेल्या वर्षी साहेबांच्या मुलानं सांगितलं, काका, आता आराम करा. तेव्हापासून घरात नुसते खिडकीशी. म्हटलं बस झालं, आता स्वतःच्या गाडीत बसा.

आणि गाडी पारखली ह्यांनीच! बॉनेट उघडून वाकून बघितलं. एक लांब फेरी मारून आले. म्हणाले, "घे. हाताला मऊ लागते." मडकंसुद्धा माणूस वाजवून घेतो, ह्यांनी तर चालवून घेतली. मी ह्यांच्या शब्दावर पैसे टाकले. महिनाही नाही झाला.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, आई, रोज काय होतं ते तारीख टाकून लिहून ठेव, तक्रार करायची वेळ आली तर कामाला येईल. म्हणून ही वही. चौथीनंतर एवढं कधी लिहिलं नाही. बोटं दुखली.

५ मार्च

गेलो दुकानात. जुन्या गाड्यांचं मोठं आवार आहे, पुढे काचेची खोली. दुकानदाराला मी गोडबोल्याच म्हणते. बोलणं असं की मुंग्या लागाव्यात. आवारातच पुढे आला, या ताई, बसा काका, चहा घ्या. चहा नको म्हटलं, पैसे दे. गाडी ठेव, पैसे दे.

तर म्हणतो कसा — "ताई, मी काकांना इथंच उभं राहून सांगितलं होतं. गिअरबॉक्समध्ये आवाज आहे, पुढे काम निघेल, म्हणून तर भाव कमी लावलाय. काकांनी मान डोलावली."

गाडी घेतली तेव्हा मी आत त्याच्या कारकुनाकडे पैसे देत होते. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे गोडबोल्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मग स्वतःच्या बुटांकडे. मी विचारलं, हा असं म्हणाला होता?

"नाही. काही म्हणाला नाही."

संपलं. माझा नवरा नाही म्हणाला म्हणजे नाही. मग मी जी सुटले! खोटारडा, लबाड, म्हाताऱ्या माणसाला फसवतोस — आवारातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. माझा आवाज असाच आहे. शिलाईयंत्राच्या खडखडाटात बोलून बोलून तसा झालाय. आई म्हणायची, हिला नवऱ्याला हाक मारायला घराबाहेर जायला नको.

गोडबोल्या हात जोडत राहिला. पैसे काही दिले नाहीत.

६ मार्च

हे बोलत नाहीत. मीही नाही. दिवसभर फक्त कात्री बोलली.

९ मार्च

मागच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याला गाडी दाखवली. त्यानं एक फेरी मारली आणि खाली मुंडी घालून आला. गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलंय म्हणाला. मी विचारलं, आधीपासून का आमच्याकडे आल्यावर? म्हणाला, मावशी, अशात आवाज आधी येतो, गिअर फार नंतर सुटतो. हा आवाज जुना आहे. गल्लीच्या टोकाला कळतो.

खरंय. घर्र घर्र मला पहिल्या दिवसापासून येत होतं. मला वाटलं, जुन्या गाडीला असतंच. मला काय कळतं. हे काही बोलत नाहीत म्हणजे असेल तसंच.

हे पलीकडे टायर बघत होते. गॅरेजवाला माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका एवढे मुरलेले ड्रायव्हर. हा आवाज त्यांच्याकडून सुटणार नाही, मावशी."

एवढंच म्हणाला. पण काटा रुतला तो रुतलाच. सुटणार नाही, तर मग सोडला का?

१० मार्च

विचारायला नको होतं. विचारलं. मला पोटात ठेवता येत नाही काही.

ताट वाढलं आणि म्हटलं, त्या गोडबोल्यानं तुम्हाला काही दिलं का? गाडी खपवायला?

हातातला घास तसाच राहिला. म्हणाले, "तुला असं वाटलं?"

रागावले असते तर बरं झालं असतं. उठले, हात धुतले, खाली जाऊन गाडीत बसले. चालू न करता. काचा बंद. वरून समोरच्या काचेतून त्यांचं टक्कल दिसत होतं, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर.

मी चहा घेऊन खाली गेले. शेजारच्या सीटवर बसले. आयुष्यात कितीदा बसले असेन मी गाडीत ह्यांच्या शेजारी? साहेबांच्या गाडीत बायकोला बसवायची सोय नव्हती. एकदाच, लेकीच्या वेळेला कळा सुरू झाल्या तेव्हा ह्यांनी न विचारता गाडी काढली होती, आणि मी मागच्या सीटवर आडवी. पुढे बसून ह्यांचा चेहरा बाजूनं कसा दिसतो हे मला ही गाडी आल्यावर कळलं. नाक चांगलं आहे.

कुठं गेलो नाही. चहा प्यायलो. कप त्यांनी धुतले.

ह्या माणसानं पैसे खाल्लेले नाहीत. मी वेडी आहे. म्हणजे लबाड तो गोडबोल्याच.

१३ मार्च

शक्कल सुचली. शिवायचे पडदे पिशवीत भरले आणि सकाळीच गोडबोल्याच्या काचेच्या खोलीत जाऊन खुर्ची अडवली. पडद्यांना हातशिलाई घालत बसले. गिऱ्हाईक आलं की मान वर करून विचारायचं, गाडी घेताय? घ्या, घ्या. आधी माझी कहाणी ऐका. आणि सगळी सांगायची, आवारभर ऐकू जाईल अशी.

गोडबोल्या म्हणाला, ताई, माझ्या पोटावर पाय देताय. मी म्हटलं, तुझ्या पोटावर पाय द्यायला जागा पुष्कळ आहे.

दुपारी हे डबा घेऊन आले. माझ्यासमोर ठेवला आणि बाहेर आपल्या गाडीशी जाऊन उभे राहिले. जन्माची सवय. आत या म्हटलं तरी येत नाहीत.

१५ मार्च

तिसऱ्या दिवशीही बसले. अकरा पडदे झाले. दुकानात बसून काम भराभर होतं!

संध्याकाळी गोडबोल्या पहिल्यांदा कडू बोलला. "आईशपथ सांगतो ताई, मी काकांना सांगितलं होतं. माझा धंदा छोटा आहे, पण मी लपवून विकत नाही." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी म्हटलं, नाटकं कर. आणि परत सुटले. ह्या वेळी घसाच फाटला.

१७ मार्च

मान्य झाला! सगळे पैसे परत देतो म्हणाला, शुक्रवारी गाडी आणा, पण कृपा करून खुर्ची सोडा. जिंकले.

लेकीला फोन लावला तर आवाज फुटेना. घसा पार बसलाय. नुसती हवा येते. तिनंच ओळखलं, आई, जिंकलीस वाटतं. ह्यांच्याकडे फोन द्यायला गेले, तर ह्यांनी नेहमीसारखा हात हलवला, तूच बोल. लेकीशी कधी म्हणून दोन शब्द बोलतील तर शपथ.

१८ मार्च

काय लिहू.

घसा आजही बंद. सकाळी हे मोरीत गाडीचं फडकं पिळत होते, पाठ माझ्याकडे. मी म्हटलं, चहा झालाय. उत्तर नाही. परत म्हटलं. नाही. म्हटलं, रुसलेत, गाडी जाणार म्हणून. जवळ गेले, अगदी पाठीशी. घोगऱ्या आवाजात म्हटलं, अहो, मी तुमच्यावर संशय घेतला, मला माफ करा.

हे फडकं पिळत राहिले.

असं वाक्य मी जन्मात बोलले नव्हते. आणि हा माणूस वळला नाही! मग मला शंका आली. मी मागेच उभी राहिले. म्हटलं, गाडीला आग लागली. मग म्हटलं, मी चालले माहेरी. ह्यांनी फडकं झटकलं, वळले, मला बघून दचकले. "कधी आलीस?"

मी त्यांच्या कानाला बोट लावलं. माझी ही नुसती हवा त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती.

हे खाली गाडीत जाऊन बसले. मीही गेले. मग बोलायला लागले. दोन-तीन वर्षं झाली म्हणे. हळूहळू गेलं. साहेबांच्या मुलानं मागून हाक मारली, तीनदा मारली, तेव्हा त्याला कळलं. भला मुलगा, कोणाला बोलला नाही, आराम करा म्हणाला. फोनमध्ये तर काहीच ऐकू येत नाही. लेकीचंही नाही.

मी खुणेनं विचारलं, माझं?

"तुझं नेहमी ऐकू यायचं. म्हणून मला वाटायचं, अजून आहे थोडं."

मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं. माझ्या आवाजाला आजवर सगळ्यांनी नावं ठेवली.

मग गोडबोल्याचं सांगितलं. तो आवारात काहीतरी बोलत होता, ओठ हलत होते, हसतमुख माणूस. ह्यांनी मान डोलावली. कोणी बोललं की मान डोलवायची, हीच सवय लागली होती. गाडी हाताला खरंच मऊ लागली. हाताला लागेल एवढंच कळत होतं.

मी त्यांच्या तळहातावर बोटानं लिहिलं — सांगितलं का नाही?

"सांगितलं असतं तर गाडी घेतली असतीस?"

नसती घेतली. अजिबात नसती घेतली.

पुलावर माझ्यामागे सगळी दुनिया भोंगे वाजवत होती आणि हे शांत होते. आता कळतंय. मी पदर डोळ्यांना लावला. ह्यांना वाटलं, मी रडतेय ते रागानं. लेकीला सांगू नको म्हणाले. मी मान डोलावली. सांगणारच आहे. आणि कानाच्या डॉक्टरकडे नेणारच आहे. भांडण होईल, होऊ दे.

पण गोडबोल्या खरं बोलत होता. आईशपथ खरं.

२१ मार्च

शुक्रवार. गेलो. सांगायचं ठरवलं होतं मी, पण माझा आवाज अजून चिमणीएवढा. गोडबोल्यानं नोटांचं पाकीट टेबलावर ठेवलं, माझ्याकडे न बघता.

तेव्हा हे पहिल्यांदा काचेच्या आत आले. उभ्यानंच बोलले, जरा जास्तच मोठ्यानं, स्वतःचा अंदाज नसतो ना. "तुम्ही सांगितलं असेल. मला ऐकू येत नाही. चूक माझी."

आवारातली माणसं वळून बघायला लागली. ह्या वेळी माझ्यामुळे नाही.

गोडबोल्या उठून टेबलाला वळसा घालून आला. खुर्ची ओढली, ह्यांच्या अगदी समोर बसला आणि तोंड नीट उघडून, सावकाश बोलला. "काका, मला वाटलं तुम्हाला पटलंय. मी परत विचारायला हवं होतं."

मी पाकीट त्याच्याकडे सरकवलं. घोगऱ्या आवाजात म्हटलं, तुला खोटारडा म्हणाले ते शब्द मागे घेते. पैसे ठेव. गिअरबॉक्स दुरुस्त करून दे, खर्च आम्ही देतो. तो म्हणाला, अर्धा माझा. मी म्हटलं, बरं. घासाघीस करायला आवाज नव्हता.

उठताना ह्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणाले, मी आता नाही चालवणार.

६ एप्रिल

शाळेच्या मागच्या रिकाम्या मैदानात पहिला धडा. गाडी दुरुस्त झाल्यावर गुमान चालते. डावा पाय क्लच. एवढं येतं.

अडचण ही की, माझा आवाज परत आला तरी इंजिनाच्या घरघरीत ह्यांना माझे ओठ दिसायला लागतात. मी काही विचारायचं तर ह्यांच्याकडे तोंड करायला लागतं, आणि तोंड केलं की गाडी कुंपणाकडे जाते. दोनदा गेली. शेवटी ठरलं, बोलायचं ह्यांनी, मी समोर बघायचं. गिअरवर माझा हात, त्यावर ह्यांचा.

तासभर बोलत होते. मला माहीतच नव्हतं, हा माणूस इतका बोलतो. मी एक शब्द काढला नाही.