स्वतःबद्दल वापरायचा नाही असा शब्द

प्रिय,

सवयीनं लिहून गेले. खोडत बसत नाही.

तुझं पारितोषिकाचं भाषण पाहिलं. मागे तू उभारलेल्या त्या नाट्यगृहाचा फोटो, आणि तू छाती काढून म्हणतोस, ‘ही वास्तू म्हणजे माझ्या कारकिर्दीचं पिनॅकल.’ लग्नाआधीपासून तुला भारी इंग्रजी शब्दांची हौस. अर्थाची कधीच नव्हती. पिनॅकल म्हणजे शिखर, यशाचा परमोच्च बिंदू. पण तो शब्द दुसऱ्यांनी म्हणायचा असतो रे, तोही माणसाचं सगळं काम बघून झाल्यावर. स्वतःच म्हटलं की नुसता तोरा उरतो. आणि आर्किटेक्ट म्हणवतोस, तर मुळातला पिनॅकल तरी आठवायचास: जुन्या दगडी इमारतींच्या आधारभिंतीवरचा सुळका. शोभेचा वाटतो, पण त्याच्या वजनानं भिंत जागची हलत नाही. तुला वजनाचंच वावडं.

बाल्कनीखालचे दोन खांब तू काढायला लावलेस, का, तर फोटोत आड येत होते. तुझी बायको होते, पण त्या कामावरची स्ट्रक्चरल इंजिनिअरही मीच होते. आकडेमोड पुढे ठेवली तर सगळ्या साइटदेखत म्हणालास, ‘बाईसाहेब घाबरट आहेत.’ मी सही केली नाही. तू दुसरा इंजिनिअर गाठलास, आणि वर्षाअखेर दुसरं घरही. घराचं आता काही वाटत नाही. खांबांचं वाटतं.

परवा तिथल्या व्यवस्थापकानं मला बोलावून घेतलं. बाल्कनीत शेवटच्या रांगेमागे, भिंतीच्या सांध्याला तडा गेलाय. माझं बोट आत गेलं. तो म्हणाला, साहेबांना दाखवलं होतं. ते म्हणाले, प्लास्टरचा आहे, सत्काराआधी रंग मारून घ्या.

काल आईंचा फोन आला. घटस्फोट आपला झाला, त्यांचा-माझा नाही. रविवारी तुझा सत्कार तिथंच, आणि तू त्यांना बाल्कनीत पहिल्या रांगेत बसवणार, म्हणून त्यांनी नवी चप्पल घेतलीय. स्वतःच्या आईला, त्या तडा गेलेल्या बाल्कनीत! आज सकाळी मी पालिकेत लेखी तक्रार दिली आणि दुपारी नाट्यगृहाला कुलूप लागलं. सत्कार दुसरीकडे करून घे. मग आईंना सगळं सांगितलं. वाटलं, माझ्यावरच चिडतील. त्यांनी एवढंच विचारलं, ‘त्याला माहीत होतं?’

मी हो म्हणाले. आता त्यांच्यापुढे कसा उभा राहतोस ते तू बघ.

एके काळी तुझीच असलेली