साधी क्लिप

प्रिय दिव्या,

होस्टेलवर नीट जेवतेस ना? का नुसती मॅगीच? फोनवर हे सांगायला गेले तर मी रडेन आणि तू घाबरशील, म्हणून लिहायला बसले. आपल्या बिल्डिंगमधली मिनल उद्या तुझ्याकडे ताथवड्याला येतेय, तिच्या हाती देते.

तुझ्या कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या प्रयोगाचा मी विचका केला म्हणून अजून फुगलीयेस का? बाई गं, मी काय मुद्दाम केलं? सिनेमाचे तुकडे दाखवून माणसाचं मन कसं बदलतं, ते तुला बघायचं होतं. विनोदी तुकड्याला हसले मी. नायिका मरते तिथं मात्र डोळ्यांत टिपूस नाही. इतकं नटूनथटून कोण मरतं गं? आणि मधली ती साधी क्लिप, कुणाला काहीच वाटू नये म्हणून ठेवलेली, तिला हमसून हमसून रडले. यात रडण्यासारखं काय आहे, असं सगळ्यांसमोर विचारलंस. तुझ्या सरांपुढं काय सांगणार, म्हणून डोळे पुसून उठले.

खरंच, आहे काय त्यात? आपल्या चिखलीच्या चौकात कंपनीची बस थांबते, सकाळी नाइट शिफ्टची माणसं उतरतात, बस जाते. आवाजसुद्धा नाही. मिनलनं मागच्या हिवाळ्यात गच्चीवरून काढलेली. सगळ्यांचे निळे शर्ट, कानाला मफलर, कोण कुठला कळत नाही. तुझी काही चूक नाही त्यात.

बाबा गेल्यापासून त्या वेळेला मी गॅलरीत जात नाही. बसचा हॉर्न ऐकला की हात आपोआप चहाच्या पातेल्याकडे जातो. शेजारच्या गोजाबाई म्हणतात, मन रमवा. कशात रमवू, तूच सांग.

काल म्हणालीस, ती क्लिप प्रयोगाला निकामी आहे, मिनलनं तिच्याकडची कधीच काढून टाकली, मीपण सोमवारी डिलीट करते. नको करूस, लेकी. शेवटपर्यंत नीट बघ. सगळ्यांच्या मागून एकजण उतरतो, पाठमोरा. बसच्या पत्र्यावर दोन थापा मारतो, मग ड्रायव्हर गाडी काढतो. त्याच्या खांद्याला डब्याची चौकड्यांची पिशवी आहे, तुझ्या शाळेच्या जुन्या फ्रॉकची मी शिवलेली. घरातले सगळे व्हिडिओ बाबांनीच काढले, म्हणून ते एकातही नाहीत. प्रयोगात घेऊ नकोस हवं तर, पण मला पाठव. त्यात ते घरी यायला निघालेत गं.

तुझीच,
आई